मांडवाखालची बाई : प्रकल्प नोंदी

७ ऑक्टोबर

मामांची द्राक्षबाग काल तोडली. निफाड तालुक्यात, गोदावरीपासून दोन-तीन किलोमीटरवर, पावणेदोन एकर, थॉमसन जातीची, सतरा वर्षांची. जेसीबी एकेक ओळ उपटत गेला आणि संध्याकाळपर्यंत शेत उघडं पडलं. मामी दिवसभर घराबाहेर आली नाही.

बाग का गेली ते लिहून ठेवते, कुणी विचारलं तर नीट सांगता यायला हवं. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली, म्हणजे नवी काडी फुटावी म्हणून जुन्या काड्या छाटल्या, की पुढच्या साधारण दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड ठरतो. त्याला ऊन लागतं. यंदा मे महिन्यापासूनच आभाळ झाकलेलं होतं आणि पाऊस सुरू. सप्टेंबरात मामांनी काड्या तपासायला दिल्या. डोळे उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यात बहुतेक डोळे रिकामे निघाले. घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलाचा आधार धरणारा तंतू, येणार. ऑक्टोबर छाटणी, औषधं, मजुरी हा सगळा खर्च करून बाळ्या वाढवायच्या, हे लागोपाठ तिसऱ्या वर्षी झेपणारं नव्हतं.

शिल्पाच्या प्रकल्पासाठी मला मांडवाचं लोखंड हवं होतं आणि भंगारवाल्याचा टेम्पो आज दुपारी येणार होता, म्हणून मी सकाळच्या एसटीने नाशिकहून गेले. मामा म्हणाले, "तुला काय लागतं ते आधी काढून घे. मग तो काटा लावील." मी वेल चढवायच्या मांडवाचे दीड इंची अँगल घेतले, त्यातले निम्मे वाकलेले. आठ आणि दहा गेजच्या तारेची तीन वेटोळी, एक तळ फुटलेलं घमेलं, विरळणीच्या, म्हणजे घडातले जास्तीचे मणी छाटायच्या, डबाभर बोथट कात्र्या आणि जेसीबीने मोडलेल्या दगडी खांबांचे चार तुकडे. ताणाचे दगड, मांडवाच्या कडेच्या तारा ज्यांना बांधतात ते, मात्र जमिनीतच राहिले. ते इतके खोल पुरलेले आहेत की जेसीबीवाल्याने त्यांच्या नादी लागायलाच नको म्हटलं.

लोखंड ९३ किलो भरलं. मामांनी पैशांचं नाव काढू दिलं नाही. तरी भंगारवाल्याचा भाव वहीत टिपला, किलोला ३१ रुपये. म्हणजे २,८८३ रुपये मामांचे माझ्याकडे राहिले.

९ ऑक्टोबर

सामान नाशिकच्या अंबडला आलं. शेजारच्या काकांचं तिथे फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, ग्रील आणि गेटची कामं चालतात. संध्याकाळी सहानंतर एक कोपरा, एक वेल्डिंग मशीन आणि एक ग्राइंडर माझं. रॉड आणि चाकं मी आणायची, विजेचं बिल महिन्याला वाटून घ्यायचं. एक अट घातली : ते शेडमध्ये असतील तेव्हाच मशीन चालू करायचं.

१३ ऑक्टोबर

आज काहीच जोडलं नाही, नुसती तार साफ करत बसले. चार तासांत जेमतेम एक वेटोळं झालं.

तारेवर बाळ्या आहेत. वेलाचा हा पीळदार तंतू आधार शोधत तारेला गुंडाळतो आणि वाळला की लाकडासारखा टणक होतो. काही बाळ्या पाच-सहा वर्षांच्या असाव्यात, काळ्या पडलेल्या आणि तारेत रुतलेल्या. नखाने सुटत नाहीत, पक्कडने ओढल्या तर तुटतात पण वेढा सोडत नाहीत. एकीवर भिंग धरून बघितलं. सुरुवातीचे तीन वेढे एका दिशेने आहेत, मग मध्येच एक सरळ गाठ आणि पुढचे वेढे उलट्या दिशेने. दोन्ही टोकं धरलेली असल्यावर दोराला पीळ देऊन बघा, तसंच होतं. वेलाने हे आपलं आपण केलंय.

दुसरी गोष्ट रंगाची. अँगलवर आणि तारेवर निळसर-पांढरं किटण बसलंय. बोर्डो मिश्रणाचं, मोरचूद आणि चुन्याचं. सतरा वर्षं दर पावसाळ्यात फवारलेलं. हे किटण खरवडलं की खाली गंज आहे, आणि गंज नेहमीपेक्षा खोल आहे, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड आणखी वेगाने खायला लावतं. बाग वाचवायला मारलेलं औषध मांडवाला आतून खात होतं.

ठरवलं होतं की सगळं लोखंड घासून लखलखीत करायचं, मग कामाला लागायचं. ते आता करणार नाही. वेल्डिंगपुरतं दोन बोटं घासायचं, बाकीचं आहे तसं राहू द्यायचं.

१६ ऑक्टोबर

शिल्पकलेच्या सरांना कल्पना सांगितली : मांडवाखाली हात वर करून उभी असलेली विरळणीवाली बाई, खऱ्या मापाची, मांडवाच्याच लोखंडातून.

सरांनी माझा दुसऱ्या वर्षाचा मोर आठवून दिला. सायकलच्या चेनचा पिसारा, स्पार्क प्लगचा तुरा. त्याचं खूप कौतुक झालं होतं. सर म्हणाले, "त्या मोरापाशी लोक काय म्हणत होते ते आठव. 'अरे, ही चेन आहे!' म्हणजे त्यांनी चेन बघितली. मोर कुणी बघितला?"

मग पिकासोचं १९४२ सालचं बैलाचं डोकं दाखवलं. सायकलचं सीट आणि हँडल, बस्स. दोन वस्तू. तिथे ओळखणं हेच काम आहे, आणि ते दोन वस्तूंत संपतं म्हणून ते इतकं घट्ट आहे. आम्ही विद्यार्थी दोनशे वस्तू कोंबतो आणि बघणाऱ्याला कोडी घालत बसतो. मला हे पटलं. भंगारातल्या शिल्पाचा मोठा धोका हा की ते हुशार दिसतं आणि हुशारीवरच थांबतं.

सरांनी शेवटी एक प्रश्न दिला : हे लोखंड मांडवाचंच का हवं? भंगार बाजारातलं का चालणार नाही? उत्तर तोंडी देऊ नकोस, कामात दे.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला दिवस. कणा उभा राहिला. एका सबंध अँगलला कमरेपाशी आणि मानेपाशी तापवून बाक दिला, त्याला पाय आणि खांदे जोडले. अडीच एमएमचा रॉड, करंट ऐंशीच्या आसपास. गंजलेल्या जागी ऐंशीलाही भोक पडतंय, तिथे सत्तरवर आणून थांबत थांबत टिपके टाकावे लागतात.

दोन्ही हात सरळ वर. डोक्यापर्यंत उंची पाच फूट दोन इंच, मामीएवढी. बोटं साडेसहा फुटांवर जातात.

६ नोव्हेंबर

माझी चूक झाली. परवा रात्री तारा जोडल्या. बाहेर थंडी म्हणून शेडचं शटर अर्धं खाली होतं. तार जस्ताचा मुलामा दिलेली, आणि मी तो घासून काढला नाही. पांढरा दाट धूर आला, राखेसारखा हलका. तोंडात गोडसर धातूची चव आली तेव्हाच थांबायला हवं होतं. मी आणखी तासभर काम केलं. घरी आल्यावर अकराच्या सुमारास हुडहुडी भरली, मग ताप, अंग मोडून आलं. आईला वाटलं मलेरिया.

डॉक्टरांनी काय काम करतेस ते विचारलं आणि लगेच ओळखलं. जस्त जळून त्याचा जो धूर होतो तो छातीत गेला की काही तासांनी असा ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, पण पुन्हा पुन्हा होऊ द्यायचा नाही. शेडमधल्या पोरांनी दूध आणि गूळ घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, दूध पोटात जातं, धूर छातीत. धूर टाळ, एवढंच औषध.

आजपासून : जोडायच्या जागेवरचं जस्त दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आधी घासायचं. शटर पूर्ण वर, पंखा पाठीमागून. धुराचा मास्क, साधा फडक्याचा नाही. माझ्यासारखं काम करणाऱ्या कुणी हे वाचलं तर एवढी नोंद तरी लक्षात ठेवा.

१५ नोव्हेंबर

बोटं झाली. दहा बोटांना विरळणीच्या दहा कात्र्या, पाती उघडी, वर रोखलेली. वर्गातल्या सगळ्यांना आवडली. एकीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. मलाही बरं वाटलं.

रात्री झोपताना तो मोर आठवला.

२४ ते २६ नोव्हेंबर

तीन दिवस मामांच्या शेजारच्या बागेत. तिथली छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झाली, आता विरळणी चालू आहे. पेठ तालुक्यातून आलेली चौदा जणांची टोळी, बायाच जास्त. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाची पालं टाकून सगळे राहतात. सकाळी सातला मांडवात शिरतात.

पहिला अर्धा दिवस नुसती बघत होते. मग एका मावशींनी हातात कात्री दिली. घडाच्या वरच्या आठ-दहा पाकळ्या, म्हणजे मण्यांच्या छोट्या फांद्या, ठेवायच्या, मधल्या आणि खालच्या छाटायच्या, शेंडा खुडायचा. मणी बाजरीपेक्षा थोडे मोठे. आज जागा केली नाही तर फुगताना एकमेकांना दाबून फुटतील. मावशींचं एका घडाचं काम मी अठरा आकडे मोजेपर्यंत झालं. मला दोन मिनिटं लागली, आणि तरी दोन पाकळ्या चुकीच्या कापल्या.

चाळीस घडांनंतर कळलं की मी काढलेली सगळी रेखाचित्रं खोटी आहेत.

पहिली गोष्ट, दोन्ही हात सारखे वर कुणीच धरत नाही. डाव्या हाताने घड तळाशी तोलतात, उजवा छाटतो. डावं कोपर तारेवर टेकवलेलं असतं. तार हात धरते. मी माझ्या बाईला हवेत उभं केलं होतं.

दुसरी, पाय. मावशी माझ्या वहीतलं चित्र बघून म्हणाल्या, "अशी कोन उभी राहाते गं बाई? कंबर मोडंल." त्यांनी दाखवलं : एक पाय वरंब्यावर, एक सरीत. दर थोड्या वेळाने पाय बदलतात. शरीर कायम तिरकं, एक कुल्ला वर. शाळेत ग्रीक पुतळ्यांच्या उभं राहण्याबद्दल जे शिकवतात ते इथे वरंब्यामुळे आपोआप होतं.

तिसरी गोष्ट मी विचारली म्हणून कळली. हात दुखत असतील ना? "हात नाय दुखत. मान दुखती. रातच्याला कूस वळली का समजतं." मी महिनाभर हातांचं शिल्प करत होते. हे मानेचं शिल्प आहे.

डोक्याला आणि तोंडाला सगळ्यांनी ओढण्या नाहीतर टॉवेल गुंडाळलेले, डोळे तेवढे उघडे. वरून सारखा कचरा पडतो, औषधाची भुकटी पडते. म्हणजे चेहऱ्याचा जो प्रश्न मला सतावत होता तो नव्हताच.

मामींनी तिन्ही दिवस डबा दिला, पण बागेत आल्या नाहीत.

२८ नोव्हेंबर

दोन्ही हात खांद्यापासून कापले. कात्र्या काढून डब्यात परत.

काढायचं कारण असं : कात्री बाईच्या हातात असते, बाईचा हात कात्री नसतो. बोटांच्या जागी पाती लावली की ती बाई औजार होते, आणि उक्त्या कामात तिला जग तसंच मोजतं. ते मी माझ्या हाताने करणार नाही.

३ डिसेंबर

हात तारेचे. दहा गेजची तार कमरेपासून निघते, पाठीतून खांद्यात, दंडातून मनगटात आणि बोट होऊन तशीच पुढे वर जाते, मांडवाच्या तारेत मिसळते. कुठेही तोडलेली नाही. प्रत्येक बोटाला एक सलग तार. हात कुठे संपतो आणि मांडव कुठे सुरू होतो ते दाखवायचं नाही, असा नियम घातलाय. बाळ्या असलेले तुकडे मुद्दाम पुढच्या हातावर येतील असे निवडले. वेल्डिंगच्या जागेपासून त्या चार बोटं लांब ठेवाव्या लागतात, नाहीतर क्षणात पेटतात. एक पेटली, जळलेल्या काडीचा वास शेडभर झाला.

मान तीनदा कापून जोडली. अजून बरोबर नाही.

५ डिसेंबर

सरांनी दोन कामं दाखवली आणि आज डोकं भरून गेलंय.

एक हुलिओ गोन्सालेझ या स्पॅनिश शिल्पकाराचं. त्याने १९१८ मध्ये पॅरिसजवळ रेनॉच्या कारखान्यात काम करताना वेल्डिंग शिकून घेतलं, आणि पुढे तेच शिल्पात आणलं. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची 'ला मॉन्सेरात' होती : लोखंडी पत्र्याची शेतकरीण, हातात विळा, कडेवर मूल, डोक्याला रुमाल. मी रुमालाकडे बघत राहिले. जाड पत्रा, पण कापडासारखा पडलाय.

दुसरं रामकिंकर बैज यांचं शांतिनिकेतनमधलं १९३८ चं संथाल कुटुंब. सिमेंट आणि तिथलाच तांबडा खडीसारखा मुरूम. माणसं चालत निघालीत आणि ती ज्या मातीवरून चालतात तिचीच घडलेली आहेत. सरांच्या ऑक्टोबरच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसलं. साहित्य हे त्या माणसांचं ओझंही असू शकतं आणि त्यांची जमीनही.

९ डिसेंबर

डोक्याच्या ओढणीसाठी घमेलं. हातोडीने सपाट करायला गेले तर कडा चिरली. म्हणून आज जुन्या नाशकात तांबट लेनला गेले. तिथे आता पूर्वीइतके ठोके ऐकू येत नाहीत, तरी काही घरांत काम चालू आहे. एका आजोबांनी बसवून घेतलं. त्यांच्यासमोर तांब्याचं तपेलं होतं, मठारकाम चाललेलं. ठोका पडला की भांडं तसूभर फिरतं, पुन्हा ठोका, प्रत्येक खूण आधीच्या खुणेला चिकटून. मधे ते बोलत होते, नजर वर होती, तरी खुणांची ओळ सरळच जात होती.

घमेलं बघून त्यांनी बोटाने कडेवर टिचकी मारली. "हे ताणलेलं आहे. आधी सैल कर." म्हणजे लाल होईपर्यंत तापवायचं. तांबं तापवून पाण्यात टाकलं तरी मऊच राहतं, लोखंडाला मात्र राखेत सावकाश निवू द्यायचं, घाई केली की रुसतं. मग ठोकायचं ते मधून कडेकडे, गोल गोल, आणि खाली लाकडी ओंडका घ्यायचा, लोखंडी ऐरण नाही. कान द्यायचा. आवाज बद्द वाटला की पत्रा खाली टेकलेला नाही, तिथे मारायचं नाही.

पैसे विचारले तर म्हणाले, झाल्यावर दाखवायला आण.

१२ डिसेंबर

तीन वेळा तापवलं, राखेत निववलं. ओढणी पडली. फुटलेल्या तळाचं भोक मानेच्या मागे आलं. तिथून कणा दिसतो. बुजवणार नाही.

आणि मान बसली. ओढणीच्या वजनाने डोकं मागे झुकलं आणि अचानक बरोबर दिसलं. मी दोन आठवडे अँगल कापत होते, वजन घालायला हवं होतं.

१८ डिसेंबर

पडली.

सहा एमएमच्या दोन फुटी लोखंडी पाटीवर पाय जोडले होते. वरती मांडवाचा तुकडा चढवला, चार फूट बाय तीन फूट, जुन्याच तारा. सगळं मिळून ७१ किलो. काकांनी हात काढला आणि ती पुढे आली, सावकाश, मग एकदम. आम्ही दोघं बाजूला झालो. कुणाला लागलं नाही. डावं मनगट तुटलं, ओढणीला पोचा पडला, मांडव वाकला.

तुटलेली जोड बघितली. वेल्ड वरून जाड होतं पण आत मुरलेलंच नव्हतं, मी गंजाला भिऊन करंट कमी ठेवला होता. तो दोष वेगळा. पडण्याचं कारण दुसरं : सगळा भार वर आणि पुढे, खाली दोन फुटांची पाटी. काकांचं म्हणणं, पाटी चार फुटी कर, दहा एमएमची घे, हलणार नाही. हिशेब बरोबर आहे. पण मग ती बाई पाटीवर उभी राहील. वरंबा नाही, सरी नाही, पाटी.

रात्री झोप लागली नाही.

२१ डिसेंबर

मामांना फोन केला, खरं तर मामीची तब्येत विचारायला. बोलता बोलता पडल्याचं सांगितलं. मामा म्हणाले, "मांडवाचा बुडखा कधी जड केलाय का आपण? मांडव ताणावर उभा राहातो. ताण दे तिला."

सतरा वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मांडवाच्या मधल्या खांबांवर नुसता भार असतो. खरं काम कडेला : बाहेर कललेले खांब आणि त्यांना बांधून जमिनीत दगडापर्यंत नेलेली तार. चारी बाजूंनी ओढ सारखी असली की मधलं सगळं छत तरंगतं. एका कडेचा ताण तुटला तर आख्खी ओळ लोळते. वादळात बागा आडव्या होतात त्या अशाच, पहिला एक ताण सुटतो.

म्हणजे पाटी नकोच. बाईच्या बोटांतून निघून मांडवात गेलेल्या तारा तशाच पुढे बाहेर काढायच्या, खाली आणायच्या आणि दगडी खांबाच्या तुकड्यांना बांधायच्या. ती हातांनी मांडव धरते आणि त्याच तारा तिला उभं धरतात. सरांच्या प्रश्नाचं उत्तर आता पूर्ण झालं. भंगार बाजारातल्या लोखंडाला हे ठाऊक नसतं.

३० डिसेंबर

पाटी कापून टाकली. एक पाऊल जमिनीवर, दुसऱ्याखाली दगडाचा कपचा, वरंब्याच्या उंचीचा. मनगट पुन्हा जोडलं, या वेळी धातू उघडा होईपर्यंत घासून, करंट पंच्याऐंशी. ओढणीचा पोचा ठेवला.

४ जानेवारी

ताण चार. दगड प्रत्येकी ३५ ते ४० किलो. पहिल्या प्रयत्नात मागचा डावा दगड फरशीवरून सरकला. काँक्रीटची गुळगुळीत जमीन, माती नाही. दगडाखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवला, तेव्हा धरला. तार घट्ट करायला दुहेरी घेऊन मधे सळई घालायची आणि पीळ द्यायचा, शेतात करतात तसं. समोरासमोरचे दोन ताण बरोबरीने वाढवत न्यायचे, एकदम एकच नाही. तारेवर टिचकी मारून आवाज ऐकते, चारही जवळपास सारखे लागले की थांबते. तांबट आजोबांचं कान देणं इथे कामाला आलं.

काकांनी हात काढला. उभी राहिली. थोडी हलते, हाताने ढकललं की बोटभर जाते आणि परत येते. श्वास घेतल्यासारखी.

११ जानेवारी

पृष्ठभाग. टाकाऊ तुकड्यांवर तीन गोष्टी करून बघितल्या. उकळलेलं जवसाचं तेल : गंज सुंदर गडद होतो पण बोर्डोचा निळा रंग मरतो. पारदर्शक लॅकर : सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यासारखं. मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून पातळ हात, मऊ फडक्याने : निळा थोडा गडद झाला पण राहिला. मेण.

बाळ्यांना ब्रशच्या टोकाने वेगळं मेण. दोन दिवस लागले.

निफाडच्या थंडीच्या बातम्या पेपरात आहेत. मामांच्या शेजारी रात्री बागेत शेकोट्या पेटवतायत, तयार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.

३ फेब्रुवारी

प्रदर्शन. हॉलमध्ये जागा मिळाली नाही. ताणासहित बारा फूट बाय बारा फूट लागतात आणि तारेत पाय अडकेल ही आयोजकांची काळजी रास्त आहे. अंगणात आंब्याखाली लावली. मातीत दगड न सरकता बसले, टायर लागले नाहीत. तारांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या, दिसाव्यात म्हणून. मांडवातही पक्ष्यांसाठी अशाच चिंध्या असतात, ते बांधताना आठवलं.

लोक तारेखालून वाकून आत जातात. आत गेले की आपोआप वर बघतात, आणि मान मागे जाते.

तांबट आजोबा नातवाच्या स्कूटरवरून आले होते. ओढणीवरून हात फिरवला, टिचकी मारली, काही बोलले नाहीत. मग पोचा पडलेल्या जागी बोट ठेवून विचारलं, "हा नंतरचा ना?" हो म्हटलं. मान डोलावली.

२२ फेब्रुवारी

निकाल चांगला लागला. एकाने विचारणा केली, गंगापूर रोडच्या हॉटेलच्या लॉनवर ठेवायला. भाव बरा होता, मामांचे २,८८३ फिटून खूप उरले असते. दोन दिवस विचार केला. त्यांना ताण नको होते. खाली काँक्रीट घालून पक्की करून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं.

मामांना पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. "तेवढ्या लोखंडाचं काय ते आणून बांधावर उभं कर," म्हणाले.

८ मार्च

पिकअपने निफाडला. शेतात आता कांदा आहे. बांधालगत, जुन्या मांडवाच्या वायव्य कोपऱ्यात, मामांनी आणि मी खणून बघितलं. हातभर खाली ताणाचा जुना दगड लागला, त्याला गुंडाळलेली तार अजून शाबूत. ईशान्येचाही सापडला. बाकीच्या दोन ताणांना आम्ही आणलेले खांबाचे तुकडे पुरले.

मामी चहा घेऊन आली. बाग तोडल्यापासून पहिल्यांदाच या बाजूला. बाईच्या पायाकडे बघितलं, एक वर एक खाली, आणि म्हणाली, "पाय बदलायला हवा आता हिने."

१६ मार्च

मामांचा फोन. रात्री वारा होता. वायव्येचा ताण थोडा ढिला झाला होता, त्यांनी सळई घालून दोन पीळ दिले. आवाज बाकीच्यांसारखा येतोय म्हणाले.